अर्ज ऑनलाइन झाला, आता फाइलही दिसू दे



१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस म्हणजे आपल्याकडे जाळी शिवायचे आणि कागद जमवायचे दिवस. पूर्वी कागद म्हणजे झेरॉक्स आणि पणजीच्या फेऱ्या. आता बोटीची नोंदणी आणि परवाना 'रिअलक्राफ्ट'वर, मच्छीमाराची स्वतःची नोंद केंद्राच्या नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मवर, बाकी बरेच दाखले 'गोवा ऑनलाइन'वर. एक फेरी वाचली म्हणजे एक दिवस वाचला, हे चांगलेच झाले.

पण अर्ज ऑनलाइन घेणे वेगळे आणि कारभार उघडा करणे वेगळे. अर्ज भरल्यावर स्क्रीनवर नुसते 'प्रक्रियेत आहे' एवढेच दिसत असेल, तर आपल्याला काय कळले? फाइल कोणाकडे आहे, किती दिवस झाले, कुठला कागद कमी पडला, हे दिसले तर त्या पोर्टलचा उपयोग. परवाना अडला तर १ ऑगस्टला बाकीच्या बोटी कोळंबीवर जातात आणि आपली जेटीला बांधलेली राहते. खलाशी येऊन बसलेले असतात, त्यांचे जेवण चालू, बँकेचा हप्ताही चालू.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर २.५ लाख, इस्पितळाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरते, मच्छीमाराला एक पैसा नाही. पण आपल्या माणसाचे नाव यादीत आहे की नाही, हे घरच्यांना कधी कळते? ते तो समुद्रात जाण्याआधी कळले पाहिजे. दुर्घटना झाल्यावर यादी उघडून काय करायचे?

हे मागणे म्हणजे कोणाचे उपकार मागणे नव्हे. माहिती अधिकार कायदा, २००५ याचे कलम ४ बघा. अनुदानाच्या योजना कशा राबवतात, किती रक्कम ठेवली, लाभार्थी कोण, सवलती आणि परवाने कोणाला दिले, हे कार्यालयाने कोणी अर्ज करण्याची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायचे असते. आणि ते करताना स्थानिक भाषेचाही विचार करायचा असतो. म्हणजे आपल्याला वाचता येईल अशा भाषेत. स्वतःहून जाहीर झाले नाही तर अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. शिवाय सेवा ठरलेल्या मुदतीत मिळावी म्हणून गोव्यात २०१३ पासून वेगळा कायदा आहे. अर्ज करतानाच विचारा, या कामाची मुदत किती दिवसांची?

आता आपली बाजू. बऱ्याच बोटींच्या खात्याला मोबाइल नंबर फॉर्म भरून देणाऱ्याचा असतो. मग ओटीपी त्याला, निरोप त्याला, आणि 'कागद कमी आहे' हे आपल्याला कळते महिन्याने. मालक स्वतः बोटीवर जात असेल तर समुद्रात रेंज नाही, म्हणून नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. बायकोचा, मुलीचा, कोणाचाही, पण घरचाच.

तेव्हा एवढे करा:

१. अर्जाचा पावती क्रमांक वहीत लिहा, स्क्रीनचा फोटोही काढून ठेवा.

२. खात्यातला मोबाइल नंबर कोणाचा ते आजच तपासा.

३. विम्याच्या यादीत बोटीवरच्या प्रत्येकाचे नाव आहे का, ते विचारून घ्या. खलाशांचेसुद्धा.

४. मासळी विकणाऱ्या महिलांचीही डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंद होते. घरातल्या बाईची नोंद मागे ठेवू नका.

५. १२ सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक बोटींना लागणारा अ‍ॅक्सेस पास रिअलक्राफ्टवर मोफत मिळतो. 'पासाची फी' म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी पावती मागा.

सरकारकडेही आपले मागणे साधे आहे. बंदीच्या दिवसांत, मालक आणि खलाशी घरी असताना, जेटीवरच नोंदणीचे शिबिर लावा. अर्ज मराठी-कोकणीत द्या. नाकारलात तर कारण लिहा. अनुदानाची यादी क्रमाने लावा, म्हणजे माझा नंबर कितवा आणि माझ्या आधी कोण, हे घरबसल्या दिसेल. यादी सगळ्यांना दिसली की मधला माणूस आपोआप लांब होतो.

ज्यांचे अर्ज अडलेत त्यांनी पावती क्रमांक घेऊन संस्थेच्या ऑफिसात यावे. एकेकट्याने विचारण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एकच यादी करून विचारू.

— सचिव