शाळेची वाट आणि विज्ञानाचा तास

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी 32,825, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, पादचारी होते. शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या 2010 च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर इतक्या पायी अंतराच्या आत शाळा असावी लागते. मूल पायी शाळेत येईल हे नियोजनातच गृहीत धरलेले आहे. त्यामुळे त्या वाटेवरील सुरक्षितता हाही प्राथमिक शिक्षणाचाच प्रश्न ठरतो.

पादचारी सुरक्षेचे धडे बहुधा ‘उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा’ या सूचनेपाशी थांबतात. मुले ती पाठ करतात. तिच्यामागील कारण मात्र त्यांना उमगतेच असे नाही. शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडावे, असा 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा आग्रह होता. विज्ञानाच्या तासाला तशी संधी सहज मिळते.

अंतर, वेळ आणि वेग

दुपदरी रस्ता साधारणतः 7 मीटर रुंद असतो. मैदानावर तेवढे अंतर खडूने आखून मुलांना चालावयास लावावे व वेळ मोजावी. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या मुलास 7 सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात सुमारे 117 मीटर पुढे येते. ‘गाडी अजून लांब आहे’ हा समज किती फसवा आहे, हे या एका गणितातून स्पष्ट होते.

थांबण्याचे गणितही असेच आहे. चालकाला ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाची मोटार सुमारे 13 मीटरवर थांबते. वेग 60 असल्यास सुमारे 36 मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. वेग वाढला की थांबण्याचे अंतर वाढते, हे उतारावरून सोडलेल्या खेळण्यातील गाडीवरूनही दाखविता येते.

खालच्या इयत्तांसाठी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडात काळे कापड, पांढरे कापड व प्रकाश परावर्तित करणारी पट्टी यांची तुलना पुरेशी आहे. वरच्या इयत्तांतील मुले शाळेच्या आवारातूनच, दोन खांबांमधील मोजलेले अंतर आणि शिक्षकांच्या मोबाइलमधील घड्याळ यांच्या आधारे वाहनांचा वेग काढू शकतात. या सर्वांस खर्च नगण्य आहे.

शिक्षणाची मर्यादा

तथापि, लहान मुलांना वाहनाच्या वेगाचा अचूक अंदाज बांधता येत नाही आणि उभ्या वाहनाआड ती चालकाला दिसतही नाहीत. म्हणून सुरक्षिततेचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नव्हे. सुरक्षित पदपथ हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अधोरेखित केले. मुलांनी केलेल्या वेगाच्या नोंदी शाळा व्यवस्थापन समितीने स्थानिक स्वराज्य संस्थेपुढे ठेवल्या, तर गतिरोधक, पदपथ व झेब्रा पट्ट्यांच्या मागणीस ठोस आधार मिळेल. मुलांना सावध करणारे हे शिक्षण मोठ्यांना त्यांच्या जबाबदारीचीही जाणीव करून देईल.