मासे सोडू नका, निवडून खा

समुद्र अफाट आहे, विष त्यात विरून जाईल, हा समज जपानच्या मिनामाता खाडीने खोटा ठरवला. चिसो कंपनीच्या सांडपाण्यातला मिथिल पारा माशांवाटे माणसांत गेला आणि १९५६ मध्ये मज्जासंस्थेचा भयंकर आजार उघड झाला. हा पारा शरीराबाहेर सावकाश पडतो, म्हणून लहान माशांपेक्षा त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत तो अधिक साठतो. धुऊन वा शिजवूनही जात नाही. मग मासे सोडायचे का? नाही. त्यांतली प्रथिने, ओमेगा-३ गमावणे हेही नुकसानच. अल्पायुषी तारली, बांगड्यात पारा सहसा कमी असतो. गर्भवतींनी मुशीसारखे शिकारी मासे टाळावेत. मात्र सगळा भार खाणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. चिसोचे विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले; विष कारखान्याच्या दारातच अडवायला हवे.