सावली पळते कुठे?

छत्रपती संभाजीनगरमध्ये दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक गंमत घडते. दुपारी 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास मैदानात ताठ उभे राहा आणि सावली शोधा. सापडतच नाही! सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो आणि सावली पायांखाली दडलेली असते. हा शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या उत्तरार्धात तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग आडवे येतात.

आता त्याच मे महिन्यात दुपारी चार वाजता बसथांब्यावर जाऊ. समजा, थांब्याचं छत जमिनीपासून 3 मीटर उंच आहे. सूर्य पश्चिमेला कलल्यामुळे छताची सावली सरकली. किती? साडेतीन मीटर पूर्वेला! छप्पर जागच्या जागी, पण बाकावर बसलेल्या आजी भर उन्हात.

ऋतू बदलला की सावलीची दिशाही बदलते. डिसेंबरच्या 21 तारखेला भरदुपारी 1 मीटरच्या काठीची सावली उत्तरेकडे सुमारे 94 सेंटिमीटर पडते. जूनच्या 21 तारखेला ती दक्षिणेकडे जेमतेम 6 सेंटिमीटर! म्हणजे उन्हाळ्यात ऊन थेट वरून येतं, तर हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपं आत शिरतं. थंडीत ते हवंहवंसं वाटतं, म्हणून थांब्याची दक्षिणेची बाजू मोकळी ठेवायची. पश्चिमेला मात्र खाली-वर गुंडाळता येणारा पडदा हवा. दुपारी सोडला की ऊन अडलं, संध्याकाळी गुंडाळला की वारा आला.

अशी बदलणारी सावली मोठ्या प्रमाणावर कुठे दिसते? सौदी अरेबियातल्या मदिनेत. तिथल्या मशिदीच्या आवारात 250 प्रचंड छत्र्या आहेत. एकेका छत्रीची बाजू सुमारे 25 मीटर! त्या सकाळी आपोआप उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. रात्री त्या मिटलेल्या का हव्यात? कारण दिवसभर तापलेली फरशी रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. छत्री उघडी राहिली, तर ती उष्णता खालीच अडकते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातही सावलीचा एक मोठा धडा उभा आहे. पाणचक्कीला गेलात की तिथल्या विशाल वडाखाली थोडं थांबा. हवा लगेच सुखद वाटते. उन्हात तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकतो. झाडाचं पान मात्र सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सोडत राहतं, त्यामुळे ते पत्र्यासारखं तापत नाही. शेजारच्या हौदाखाली तर एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत! पाणी तापायला खूप उष्णता लागते, म्हणून डोक्यावर पाणी घेतलेली ही खोली उन्हाळ्यातही गार राहते.

कडुनिंबाचं वेळापत्रकही बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं गळतात, गुढीपाडव्याला कोवळी पालवी दिसते आणि कडक उन्हाळा सुरू होईपर्यंत सावली दाट झालेली असते. ना मोटार, ना वीज!

मित्रांनो, सावली ही चैन नाही. भाजी विकणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका, शाळेतून घरी परतणारे तुम्ही, सगळ्यांना ती लागते. म्हणून या सुट्टीत एक काम करा. घराजवळचा एखादा बसथांबा किंवा बागेतला बाक निवडा. सकाळी 9, दुपारी 12 आणि 4 वाजता सावली कुठे पडते, तिथे खडूने रेघ मारा. ऊन नेमकं कुठून आत येतं, ते कागदावर काढा. पडदा कुठे हवा, झाड कुठे लावावं, तेही दाखवा. रस्त्यावरच्या खुणा मोठ्यांना सोबत घेऊनच करा आणि तयार नकाशा आपल्या नगरसेवकांना नक्की दाखवा.