पंचावन्न टक्के आणि शेवटची तारीख

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाला ५५ टक्के हवे होते आणि विद्यार्थिनीकडे होते ५४.७१. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पूर्णांकात धरून ५५ माना, ही विनंती २०१२ साली तिथे फेटाळली गेली. त्याच्या आदल्या वर्षी ओडिशाच्या न्यायिक सेवेतल्या एका उमेदवाराचे ४४.९३ टक्केही ४५ झाले नव्हते. किमान गुण नियमात लिहिलेले असतील, तर ते वर ओढून घेता येत नाहीत. नांदेडहून किंवा लातूरहून कोणी पीएच.डी.च्या पात्रतेचा वाद घेऊन वकिलाकडे गेले की आधी एम.ए.-एम.एस्सी.चे गुणपत्रक टेबलावर ठेवावे लागते, ते या निकालांमुळे. बाकीची कैफियत त्यानंतर.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे आणि लातूरला उपकेंद्र आहे. इथे पीएच.डी.साठी धडपडणाऱ्यांत नुकतेच एम.ए. झालेले आहेत, तसेच तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारेही आहेत. त्यांच्या लेखी ‘पेट’, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, ही नोकरीच्या रांगेत पुढे सरकण्याची संधी असते. अपात्रतेचा शेरा आला की ती संधी पुढच्या जाहिरातीपर्यंत जाते, आणि पुढची जाहिरात कधी निघेल हे अर्जदाराच्या हाती नसते.

नियम कागदावर सोपे दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के किंवा तेवढीच श्रेणी हवी. चार वर्षांची पदवी घेऊन थेट येणाऱ्याला ७५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. विद्यापीठाने स्वतः परीक्षा घेतली तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. २०२४-२५ पासून नेटच्या गुणांवर प्रवेश देण्याची वाटही आयोगाने मोकळी केली. वाद पेटतो तो या ओळींच्या मधल्या जागेत. सीजीपीएचे टक्के कोणत्या सूत्राने करायचे? पदवी एका विषयात आणि अर्ज जवळच्या दुसऱ्या विषयात असेल, तर तो विषय ‘संलग्न’ आहे हे ठरवायचे कोणी? आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीचा प्रश्न: पात्रता कोणत्या तारखेला बघायची?

तारखेच्या प्रश्नाला न्यायालयांनी दिलेले उत्तर दोन पायांवर उभे आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या एका नेमणुकीच्या वादात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जाहिरातीत वेगळी तारीख दिलेली नसेल तर अर्जाची शेवटची तारीख हीच पात्रतेची तारीख. निकाल त्यानंतर लागला असेल, तर त्या दिवशी अर्जदार पात्र नव्हता. दुसरा पाय १९८० सालचा आहे. केरळातल्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पात्रता मिळवणे आणि तिचा पुरावा जोडणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. पात्रता वेळेत मिळाली असेल आणि प्रमाणपत्र चार दिवस उशिरा आले असेल, तर तेवढ्यावरून दार बंद करणे चूक, असा त्याचा अर्थ. अर्जदाराची बाजू यांपैकी कोणत्या पायावर उभी आहे हे फाइल पाहताच कळते. निकालपत्रावरची तारीख आणि प्रमाणपत्रावरची तारीख शेजारी शेजारी ठेवायची, एवढेच.

ती फाइल जाते छत्रपती संभाजीनगरला. जालना रोडवरच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे बारा जिल्हे आहेत. नांदेड आणि लातूर त्यांतलेच. १९८१ पूर्वी हेच काम मुंबईला न्यावे लागे, हे आज याचिका घेऊन जाणाऱ्या पिढीला सांगायला हवे. याचिका राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली दाखल होते. विद्यापीठ कुलसचिवांमार्फत प्रतिवादी होते, शासन सचिवांमार्फत, आणि बहुतेक वेळा आयोगालाही जोडले जाते. याचिकेच्या सुरुवातीला तारखांची यादी लागते: जाहिरात कधी, अर्ज कधी, पेट कधी, निकाल कधी, अपात्रतेचे पत्र कधी. मागे निशाण्या, म्हणजे पुराव्याचे कागद, जोडायच्या. जाहिरात आणि माहितीपत्रक ही पहिली निशाणी, आणि बरेचसे खटले तिथेच जिंकले किंवा हरले जातात. ‘शेवटच्या वर्षाला बसलेले विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी गुणपत्रक सादर करण्याच्या अटीवर अर्ज करू शकतात’ अशी ओळ त्यात असेल, तर २००७ च्या निकालाचा धाक उरत नाही. ओळ नसेल, तर कितीही कळवळून मांडले तरी भागत नाही.

अपात्रतेचे पत्र मात्र अनेकदा निशाणीला जोडताच येत नाही, कारण ते मिळालेलेच नसते. यादीत नावापुढे ‘अपात्र’ एवढा शब्द असतो, किंवा खिडकीवर तोंडी उत्तर मिळते. कशाला आव्हान द्यायचे हेच कागदावर नसेल, तर याचिकेचा पहिला परिच्छेद लिहितानाच वकील अडतो.

सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक गुंता आहे. देगलूर, उदगीर, निलंगा या पट्ट्यात बिदर आणि तेलंगणाशी रोटीबेटीचे व्यवहार जुने आहेत. लग्न होऊन इकडे आलेल्या मुलीचा जातीचा दाखला कर्नाटकातला असतो. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशावरून १९९० साली घटनापीठाने ठरवले, की अनुसूचित जाती-जमातीचा लाभ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपोआप सोबत येत नाही. म्हणजे घर इथे आणि दाखला तिकडचा. सवलतीचे ५ टक्के गेले की ५० ते ५५ टक्क्यांच्या मधली ही मुलगी ५५ च्या रेषेखाली राहते. नांदेडमध्ये मन्नेरवारलू आणि महादेव कोळी जमातींच्या वैधता प्रमाणपत्रांचे वाद वर्षानुवर्षे चालतात, तेही याच वळणावर प्रवेशाला येऊन भिडतात.

चूक विद्यापीठाची असेल तर काय? कुरुक्षेत्र विद्यापीठाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिले आणि मग हजेरी कमी असल्याचे कारण काढले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अर्ज तपासायचे काम विद्यापीठाचे होते. विद्यार्थ्याने काही लपवलेले नाही. बेरहामपूर विद्यापीठाच्या १९९० च्या प्रकरणात विद्यार्थ्याने प्रवेश घेतानाच एम.ए.चे गुणपत्रक दिले होते, तरी नंतर त्याचा निकाल अडवला गेला. न्यायालयाने तो जाहीर करायला लावला. हे निकाल अर्जदाराला बळ देतात, पण मर्यादेत. अपात्र विद्यार्थ्याला अंतरिम आदेशावर शिकू द्यायचे आणि मग ‘आता एवढे शिकलाच आहे’ म्हणून सहानुभूती मागायची, या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या २००३ च्या प्रकरणात सडकून टीका केली आहे. ती टीका रास्त आहे. पीएच.डी.च्या जागा मोजक्याच असतात: एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. एका जागेवर अपात्र माणूस बसला की पात्र माणूस बाहेर राहतो, आणि त्याला कोर्टाची पायरी चढण्याइतके पैसेही नसतात. ‘एक जागा रिकामी ठेवा’ एवढा अंतरिम आदेश मागणे त्यातल्या त्यात प्रामाणिक. मार्गदर्शकाकडे ती जागा असेल तरच त्याला अर्थ.

कोर्टाआधीची एक पायरी आहे आणि ती फार कमी वापरली जाते, असे या लेखकाचे मत आहे. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर लोकपालाकडे अपील करता येते. प्रवेश मागणारा उमेदवारही ‘विद्यार्थी’च्या व्याख्येत बसतो. तिथे मिळालेले लेखी उत्तर विरोधात गेले तरी वाया जात नाही. याचिकेला हवी असलेली निशाणी तेच असते.

पात्रतेची छाननी पेटच्या आधी पूर्ण करणे विद्यापीठाला अवघड नाही. सीजीपीएचे सूत्र, संलग्न विषयांची यादी आणि पात्रतेची तारीख या तीन गोष्टी माहितीपत्रकात छापल्या, तर निम्मे अर्जदार वकिलाकडे जाणारच नाहीत. तोवर नांदेड-लातूरच्या अर्जदारांनी एवढे करावे: माहितीपत्रकाची प्रत अर्जाच्या दिवशीच जपून ठेवावी, आणि ‘अपात्र’ म्हटले गेले की त्याच आठवड्यात कारण लेखी मागावे, आवक शिक्क्यासह पोच घेऊन.