बहादूरचं पुढे काय झालं?

यंदाच्या १७ फेब्रुवारीला वेताळाला नव्वद वर्षं पूर्ण झाली. १९३६ साली ह्याच दिवशी अमेरिकी वर्तमानपत्रांत ली फॉकने लिहिलेली आणि रे मूरने काढलेली त्याची पहिली चित्रपट्टी आली. सुपरमॅन जन्माला यायला तेव्हा अजून दोन वर्षं अवकाश होता. एवढी मोठी तारीख मराठीत मुकाट्याने निघून गेली. निदान माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रांत तिच्यासाठी चार ओळींची जागाही निघाली नाही. इंद्रजाल कॉमिक्सची पानं उलटत आमची एक अख्खी पिढी वाचायला शिकली, तिच्या भाषेने हे इतकं सहज विसरावं ह्याचा मला राग आला. हा लेख त्या रागातूनच लिहितो आहे.

पण राग नुसता विसरण्याचा नाही. वाचक एखाद्या पात्राबरोबर वर्षानुवर्षं वाढतो, तेव्हा लेखकाने आणि प्रकाशकाने त्या पात्राशी कसं वागावं, हा वाद आम्ही आमच्या नांदे गावच्या पारावर बसून घातलेला आहे. आवाज चढेपर्यंत, कधी अबोला धरेपर्यंत. आज तोच वाद सूसकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या नव्या इमारतींतली मुलं स्पायडरमॅनवरून घालतात, आणि हा वाद जगात पहिल्यांदा आपणच घालतो आहोत असं त्यांना वाटतं. त्यांना सांगावंसं वाटतं की बाळांनो, ह्या गावाला ह्या वादाची जुनी सवय आहे.

वेताळाची पहिली पंचवीस वर्षं मी भरभर उलटतो. समुद्री चाचे, पळवून नेलेली प्रेयसी डायना, कवटीच्या अंगठीचा ठोसा, पुन्हा चाचे. फॉकला सुरुवातीला आपल्या नायकाचा नक्की पत्ताही ठरवता आला नव्हता. मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुण निघायचा होता, तो बेत गोष्ट चालू असतानाच बदलला. मग आली ती चारशे वर्षांची परंपरा: १५३६ साली बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ आणि बापामागून मुलगा असे एकवीस वेताळ. ही कल्पना थोर आहे हे मान्य. पण तिचं सोनं व्हायला साठचं दशक उजाडावं लागलं. १९६१ पासून साय बॅरी चित्रं काढू लागला आणि जंगलाला खोली आली, चेहऱ्यांना वय आलं. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, आणि पुढे हा देखणा वेताळ आपल्याही वाट्याला आला, हे आपलं भाग्य.

टाइम्सने त्यात आपली कात्रीही चालवली. मूळच्या ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, वेताळाच्या बापाला मारणारा ‘रामा’ इथे ‘रामलू’ झाला, देशाचं नाव ‘डेंकाली’ झालं. ते एक वेळ ठीक, वाचकांच्या भावना सांभाळायच्या होत्या. पण पानांत बसवायला चौकटी छाटायचे, ते मला आजही खुपतं. मूळ पट्ट्या पुढे पाहायला मिळाल्या तेव्हा कळलं, की दोन मारामाऱ्यांच्या मधली शांत चौकट, म्हणजे वेताळ नुसता विचार करत बसला आहे अशी, हीच बहुतेक वेळा आधी जायची. मुलांना शांतता कळत नाही असं त्या कात्रीवाल्याला वाटत असावं.

माझं दशक ऐंशीचं. नांदे तेव्हा मुळेकाठचं साधं गाव होतं. ऊस, भात, आणि पुण्याला दूध घालायला जाणाऱ्या सायकली. पुण्यात शिकणारा माझा चुलतभाऊ सुट्टीला आला की त्याच्या पिशवीत वेताळ असायचा. रद्दीच्या दुकानातून आणलेला, मुखपृष्ठ फाटलेला, कधी शेवटचं पानच नसलेला. इंद्रजाल तेव्हा साप्ताहिक झालं होतं, पण आमच्याकडे आठवड्याचा हिशोब नव्हता. अंक यायचे ते मागचे-पुढचे, एका अंकात वेताळाचं लग्न झालेलं, दुसऱ्यात डायना अजून न्यूयॉर्कला. त्यामुळे काळाचा क्रम आम्हाला वाद घालून लावावा लागे. “आरं, त्याला पोरं झाल्यात, मग हितं एकटा कसा?” ह्या एका प्रश्नावर संध्याकाळ सरायची.

लग्न हा वादाचा मोठा विषय. पहिल्या गोष्टीपासून ताटकळलेल्या डायनाशी फॉकने १९७७ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, वेताळाचं लग्न लावून दिलं. दोन वर्षांनी किट आणि हेलॉईज ही जुळी झाली. पारावरच्या निम्म्या पोरांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, संसारी माणूस कसला भूत होतो? गुहेत पाळणा हलायला लागला की दरारा संपला. मी दुसऱ्या बाजूला होतो आणि आजही तिथेच आहे. ज्याच्या सगळ्या दंतकथेचा पाया ‘बापानंतर मुलगा’ हा आहे, त्याला मूलच होऊ द्यायचं नाही, म्हणजे बाविसावा वेताळ येण्याची वाटच बंद करायची. फॉकने स्वतः उभारलेल्या घराचा नियम स्वतः पाळला. सहासष्टाव्या वर्षी, पात्र चांगलं चाललेलं असताना ते बदलायचं धाडस केलं, आणि पुढे ते मागे घेतलं नाही. मुलं झाली ती झाली.

हे आज एवढ्या जोराने सांगतो, कारण आमच्या इमारतीतली मुलं ज्याच्यावरून भांडतात त्या स्पायडरमॅनचं काय झालं पाहा. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये लागलं. २००७ मध्ये मार्व्हलच्या संपादकांना वाटलं की लग्न झालेला नायक म्हातारा दिसतो. मग सैतानाशी सौदा करवून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं. वीस वर्षं वाचकांनी जे वाचलं, ज्यावर पैसे आणि जीव खर्च केला, ते एका गोष्टीत पुसून टाकलं. माझ्या शेजारचा पंचविशीतला मुलगा म्हणतो, “काका, रीसेट लागतोच, नाहीतर नवा वाचक कसा येणार?” मला हे मुळीच मान्य नाही. नवा वाचक जुन्याचा विश्वास मोडून आणायचा नसतो. वेताळ नव्या वाचकाला कसा मिळाला? एकविसावा म्हातारा होतो, बाविसावा येतो, ह्या खात्रीवर.

आणखी एक जुना हिशोब. शाळेत आमच्या एका सरांनी वेताळाचा अंक माझ्या दप्तरातून काढून वर्गासमोर फाडला होता. ह्यांनी पोरं बिघडतात, हा त्यांचा मुद्दा. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण पुढे कॉलेजात भेटलेल्या, जास्त वाचलेल्या मित्रांचा आक्षेप मात्र मला गांभीर्याने घ्यावा लागला: गोरा माणूस काळ्या लोकांच्या जंगलाचा राखणदार, आणि बुटके बंडार त्याचे भाबडे भक्त. हे चित्र साम्राज्याच्या काळातलंच आहे, ते नाकारता येत नाही. फॉकलाही ते उमगलं असावं. त्याने आपला देश आशियातून उचलून आफ्रिकेत नेला, तिथे डॉक्टर लुआगा हा लोकांनी निवडलेला काळा राष्ट्राध्यक्ष आणला, लष्करशहा बाबाबू त्याच्याविरुद्ध उभा केला, आणि वेताळाला सत्तेपासून दूर ठेवलं. मुळातला डाग त्याने गेला नाही. पण जुन्या पात्राला काळाच्या पुढे ढकलण्याचा हा प्रामाणिक मार्ग होता. मागचं न खोडता पुढचं नीट लिहायचं.

आणि मग बहादूर. त्याच्याजवळ मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे.

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आबिद सुरतींचा बहादूर आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांपुढे शस्त्रं ठेवून तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. बहादूरचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. बापाचा सूड घ्यायला निघालेला हा पोरगा शेवटी पोलीस अधिकारी विशालच्याच बाजूला उभा राहतो आणि गावकऱ्यांना घेऊन नागरिक सुरक्षा दल काढतो. भगवा कुडता आणि खाली जीन्स. ना मुखवटा, ना गुहा, ना चारशे वर्षं. बरोबर बेला, जी स्वतः मारामारी करते आणि कुणाची वाट पाहत बसत नाही. दोघं लग्नाचा विषय न काढता एकत्र राहत, आणि १९८०च्या आमच्या मुळशी तालुक्यात हे वाचताना आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, ह्याचं श्रेय सुरतींच्या सहज लिहिण्याला.

आमच्या पारावर वेताळाला मान होता, पण बहादूर आमचा होता. त्याच्या गावात धूळ होती, विहीर होती, सरपंच होता. डाकू बाहेरचा राक्षस नव्हता; कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी सोयरा होता. दल काढायचं म्हणजे आधी गावातल्या भित्र्या माणसाची समजूत घालायची, हे बहादूरला करावं लागे, आणि वेताळाला कधीच करावं लागलं नाही. सुरतींना कळलं होतं की आपल्याकडचा नायक एकट्याने जिंकला तर गाव त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

पुढे बहादूरचं लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं. इथे आमची पुन्हा फाटाफूट झाली. चुलतभावाला नवा बहादूर आवडायचा: शहरात येणारा, तस्करांच्या आणि हेरांच्या मागे लागणारा, वेगवान. मला त्यातून गाव निसटताना दिसत होतं. लेखक बदलला की पात्राचे कपडे तेच राहतात आणि आतला माणूस दुसराच होतो. दुसऱ्या लेखकाला मोकळीक असू नये असं मी म्हणत नाही. पण आधीच्याने पात्राला कशाची भीती दिली होती, कशाची लाज दिली होती, हे त्याने आधी वाचावं. डाकूच्या पोराला वर्दीपुढे उभं राहताना आत जे होत असेल, ते नंतरच्या गोष्टींत मला कुठे सापडलं नाही.

तरीही तो चालू होता, तोवर भांडायला जागा होती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं. आठशेच्या वर अंक काढलेली मालिका थांबली. धंद्याची कारणं असतील. दूरदर्शन घराघरांत पोचलं होतं, महाभारत चालू होतं, मुलांचे हात रिकामे राहिले नव्हते. मासिकं बंद पडतात, हे मी समजू शकतो. पण वेताळ इथे थांबला तरी अमेरिकेत चालू होता. स्वीडनमध्ये १९५० पासून, ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याची स्वतंत्र पुस्तकं निघत होती. त्याला दुसरी घरं होती. बहादूरला हे एकच घर होतं. त्याला ना शेवट मिळाला, ना निरोप. चौदा वर्षं चालवलेला नायक एका आठवड्यात आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. लग्न पुसणाऱ्या मार्व्हलवर चिडणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो: पुसलेली गोष्ट निदान कुणीतरी पुसलेली असते. बहादूरला कुणी पुसायच्याही योग्यतेचा मानला नाही.

नव्वदचं दशक आणि त्यानंतरची वर्षं मला फार सांगावीशी वाटत नाहीत. हिंदीत नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव जोरात होते, त्यांच्या वाचकांनी आपले वाद आपल्या भाषेत जिवंत ठेवले. मराठीने ती जागा भरली नाही. १९९६ मध्ये वेताळाचा इंग्रजी चित्रपट आला, जांभळा पोशाख चांगला शिवला होता, बाकी काही लक्षात राहिलं नाही. १३ मार्च १९९९ रोजी फॉक गेला. शेवटच्या आजारपणात प्राणवायूचा मुखवटा बाजूला सारून तो गोष्ट सांगत होता, असं म्हणतात. त्रेसष्ट वर्षं हे पात्र लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला ते खरं वाटतं.

त्याच्यामागून आलेल्या टोनी डीपॉलबद्दल जुने वाचक रागावलेले आहेत. त्याने डायना मेली असं काही काळ भासवलं; मुलं मोठी करून घराबाहेर पाठवली, किटला तर थेट हिमालयातल्या मठात शिकायला; आणि अलीकडे म्हाताऱ्या मॉझच्या तोंडून वेताळाच्या मृत्यूचं आणि घराण्याच्या नाशाचं भाकीत वदवलं. माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, “ह्यो माणूस वेताळाला मारायच्या मागं लागलाय.” मला तसं वाटत नाही. डीपॉलने फॉकचाच धागा पकडला आहे. एकविसावा मरणार, हे पहिल्या शपथेपासून ठरलेलं आहे. ते बोलून दाखवणं हा अन्याय नव्हे. भाकितातला मृत्यू दाखवून मग दुसरी वाट काढणं मात्र मला अजून पूर्ण पचलेलं नाही; त्यावर आमचं भांडण चालू आहे, आणि चालू राहावं.

माझी मागणी वेगळीच आहे, आणि ती वेताळासाठी नाही. १९७६ मध्ये बहादूर विशीचा धरला तर आज सत्तरीला टेकला. कुणीतरी मराठी लेखकाने, रीतसर हक्क घेऊन, त्याला ह्या वयात आणावं. तरुण करून नको, मागचं खोडून नको. नांद्यासारखं गाव घ्यावं, जिथे डोंगर पोखरला जातो आणि सात-बारावरची नावं बदलत जातात. त्याच्या सुरक्षा दलातले कोण कुठे गेले ते सांगावं. कुणी जमिनीच्या व्यवहारात पैसा केला, कुणी रखवालदार झाला. इथे येणारा डाकू घोड्यावरून येत नाही, कागद घेऊन येतो, आणि त्याच्याशी कसं लढायचं हे बहादूरला ठाऊक नाही, तेही लिहावं. आणि बेलाला त्या गोष्टीत निम्मी पानं द्यावीत. सुरतींनंतर तिला शेवटी शेवटी फक्त सोडवून आणायची बाई करून टाकलं होतं, तो हिशोबही अजून बाकी आहे.