सोळा एप्रिलचे सहप्रवासी

वर्तमानपत्र हातात आलं की पहिल्या पानाच्या आधी मी ‘दिनविशेष’चा चौकोन शोधतो. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा जडलेलं हे वेड. पुढे वही झाली, तारखेगणिक पान झालं. काही पानं वर्षानुवर्षं कोरडी राहिली, काही समासापर्यंत भरली. त्यातलं माझं सर्वांत लाडकं पान १६ एप्रिलचं. मी ठाणेकर आहे, त्यामुळे हा पक्षपात वाचकांनी सुरुवातीलाच माफ करावा.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी निघाली. आत सुमारे ४०० निमंत्रित, बाहेर गव्हर्नरचा बँड आणि २१ तोफांची सलामी. पुढे तीन इंजिनं; साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं आपण शाळेपासून पाठ केलेली. इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीत बनून ती बोटीने आली होती. लॉर्ड फॉकलंड तेव्हा गव्हर्नर. त्यांच्या पत्नी लेडी फॉकलंड पाहुण्यांत होत्या. आज जिथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दिमाखदार इमारत आहे, तिथे तेव्हा साधं लाकडी स्टेशन होतं. स्टीव्हन्ससाहेबांनी तो महाल बांधायला घेतला तो १८७८ साली.

३४ किलोमीटरच्या या प्रवासाला किती वेळ लागला? कुणी ५७ मिनिटं लिहितो, कुणी सव्वा तास. इतके बडे लोक, बहुतेकांच्या खिशात साखळीची घड्याळं, तरी एकमत नाही! माझं मत सव्वा तासाच्या बाजूने. इंजिनांना पाणी पाजायला आणि चाकांना वंगण द्यायला गाडी शीवला थांबली होती. तो वेळ कुणी धरला असेल, कुणी वगळला असेल. गंमत अशी की आज पावणेदोनशे वर्षांनंतरही धीम्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटी गाठायला जवळपास तासच लागतो. ठाण्यात शामियाने उभारून पाहुण्यांना खाना दिला गेला. दुसऱ्या दिवशी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी अख्खी गाडी स्वतःसाठी राखून घेतली आणि कुटुंबाला घेऊन ठाण्याला जाऊन आले. रेल्वेचं ‘फुल बुकिंग’ इतकं जुनं आहे.

या गाडीचा उगम मात्र बोरीबंदरला नाही, भांडुपला आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट लोहमार्गाने जोडायची कल्पना त्यांना सुचली, असं रेल्वेचाच इतिहास सांगतो. भांडुपच्या पुलावर सकाळी साडेआठला गर्दीत चेंगरणाऱ्या मंडळींना हे सांगितलं, तर ते क्लार्कसाहेबांना काय म्हणतील ते छापण्याजोगं नसेल. कल्पनेला बळ दिलं ते मुंबईच्या शेटियांनी. नाना शंकरशेट आणि जमशेटजी १८४५ पासून रेल्वेसाठी झटत होते. मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यावं ही मागणी वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. मला विचाराल तर नानांचा हक्क मध्य रेल्वेवर आधी पोचतो, पण नावांच्या राजकारणात कोण कुणाचं ऐकतो!

‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हटलं की मद्रासकडचे जाणकार हटकतात, आणि ते बरोबरच आहे. रेड हिल्सला १८३७ साली दगड वाहणारी रेल्वे होती. रुडकीला १८५१ च्या डिसेंबरात कालव्याच्या कामासाठी माती वाहणारं वाफेचं इंजिन धावलं. खुद्द मुंबईतही कंत्राटदाराचं ‘फॉकलंड’ नावाचं इंजिन १८५२ पासून धूर काढत होतं. ठाण्याचा मान आहे तो पहिल्या प्रवासी गाडीचा.

या धुराचं लोकांना काय वाटलं, ते वाचायचं तर गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ काढावं. १८६३ सालचं हे पुस्तक कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा जास्त जिवंत आहे. योगायोग पाहा, त्याच वर्षी २१ एप्रिलला बोर घाटातला लोहमार्ग खुला झाला. त्याआधी १ मे १८५४ ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली होती. मी कळव्याच्या बाजूने खाडीवरचे पूल बघत अनेकदा उभा राहिलो आहे. लोक मला विचारतात, कुणाची वाट बघताय?

बोर घाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिथे हजारो मजूर पटकीने, तापाने, दरडींनी, सुरुंगांनी मेले. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराने काम घेतलं आणि आल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. त्याची बायको अ‍ॅलिस बोट धरून परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, हाताखाली अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. पुण्याला जाताना कर्जतहून मागून इंजिन लागतं, त्या वेळी आपण वड्याच्या नादात असतो. अ‍ॅलिसबाईंची तारीख दिनविशेषात कधी येत नाही, कारण मोठं काम एका दिवसात मावत नाही. दिनविशेषावर माझा हाच मोठा राग आहे.

आता बाकीचं पान भराभर. १७४६ मध्ये याच तारखेला स्कॉटलंडात कलोडनची लढाई झाली. चित्रकार गोया १८२८ मध्ये गेला, मादाम तुसाँ १८५० मध्ये. आंध्रचे समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम १८४८ चे. १९१७ मध्ये लेनिन पेत्रोग्राडच्या स्टेशनवर उतरला, तोही आगगाडीतूनच; मात्र रशियाच्या जुन्या पंचांगात तेव्हा ३ एप्रिल होता. तारीख आणि पंचांग यांचा तंटा शिवजयंतीमुळे आपल्या घरोघरी ठाऊक आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. अल्बर्ट हॉफमन यांना १९४३ मध्ये बाझेलच्या प्रयोगशाळेत एलएसडीचा गुण चुकून कळला. १९७२ मध्ये अपोलो १६ चंद्राकडे निघालं.

यातल्या एका जोडीपाशी मात्र मी रेंगाळतो. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंपैकी थोरला विल्बर १६ एप्रिल १८६७ चा. त्याच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, १९१२ मध्ये, हॅरिएट क्विम्बी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारी पहिली महिला वैमानिक ठरली. दुसरं कुठलंही वर्ष असतं तर पहिल्या पानावर तीच असती. पण आदल्याच दिवशी पहाटे टायटॅनिक बुडाली होती. विल्बर त्याच वर्षी मे महिन्यात विषमज्वराने गेला आणि हॅरिएट जुलैत बॉस्टनजवळ विमानातून पडून.

हसवणारे दोघेही याच दिवसाचे. चार्ली चॅप्लिन १८८९ चा, लंडनचा. त्याच्या जन्माची सरकारी नोंद कधी सापडलीच नाही, तरी कच्छमधल्या आदिपूर गावात याच तारखेला टोप्या-मिशा लावून लोक त्याच्या वाढदिवसाची मिरवणूक काढतात. दुसरा स्पाइक मिलिगन, १९१८ चा, आणि जन्म थेट आपल्या अहमदनगरचा. वडील ब्रिटिश फौजेत होते. स्पाइकचं लहानपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. पुढे बीबीसीच्या ‘गून शो’ने त्याने इंग्रजी विनोदाची घडीच विस्कटली. आपण आजारी असल्याचं सांगितलंच होतं, अशी तक्रार त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे, तीही आयरिश भाषेत. नगरला गेलो की मी त्याचं नाव काढून बघतो. भुईकोट किल्ला आणि तिथल्या कैदेत नेहरूंनी लिहिलेलं पुस्तक यांविषयी लोक भरभरून बोलतात. स्पाइकच्या नावावर मात्र एकाने मला विचारलं, “कोणत्या बटालियनचा?” स्पाइकला हे आवडलं असतं.

तरीही या पानावर माझ्या लेखी पहिला क्रमांक त्या १४ डब्यांचाच. १९५३ साली शताब्दीला दोन आण्यांचं तिकीट काढून टपाल खात्याने आपलं काम केलं. पण रेल्वेचा खरा कागदोपत्री ठेवा अजून कल्याण, इगतपुरी, भुसावळ, परळ इथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांच्या ट्रंकांत आहे. जुन्या जी.आय.पी. रेल्वेचं वेळापत्रक, पुठ्ठ्याची तिकिटं, आजोबांचा गार्डाचा कंदील, नेमणुकीचं पत्र असं काही घरात असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला घालू नका. सीएसएमटीच्या इमारतीत रेल्वेचं वारसा संग्रहालय आहे. आधी तिथे दाखवा.