मुकादम गेल्यावर टोळीचे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वणीच्या शिवारात द्राक्षाची तोडणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. बागाईतदार ओळखतो तो मुकादमाला. कोणाला कोणत्या ओळीत लावायचे, हे मुकादमच ठरवतो. समजा, भर दुपारी तोच नाहीसा झाला. टोळी थांबत नाही, क्रेट भरत राहते. मालकाने घाबरून दुसरी टोळी बोलावली, तर एकाच ओळीत दोन टोळ्या आणि मजुरीचा हिशेब कोणाकडेच नाही. संगणकांच्या जगात नेमके हेच घडते. कवीने या भानगडीत का पडावे? एका शब्दासाठी पडलो, तो पुढे येईल.

अवकाळी पावसाचा अंदाज मांडण्याचे गणित एका संगणकाच्या आवाक्यातले नसते. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक आले. (दुसऱ्याच्या लोकार्पणाचा पुण्यातला कार्यक्रम मुसळधार पावसामुळेच रद्द करावा लागला होता!) महासंगणक म्हणजे शेकडो-हजारो संगणकांचा जोडलेला समूह. बँका आणि मोठ्या कंपन्याही असेच समूह वापरतात. तिथे प्रत्येक कामाला ठराविक स्मृती आणि ठराविक प्रोसेसर मोजून दिलेली खोली असते. तिला कंटेनर म्हणतात.

'हडूप' या प्रणालीत या खोल्यांचा कारभार 'यार्न' पाहते. प्रत्येक यंत्रावर एक राखणदार असतो. तो साधारण दर सेकंदाला मुख्य कचेरीला 'मी आहे' असे कळवतो. दहा मिनिटे निरोप आला नाही, तर कचेरी ते यंत्र गेले असे धरते आणि तिथली कामे दुसरीकडे लावते. गोम अशी की कित्येकदा यंत्र शाबूत असते, फक्त राखणदार कोसळलेला असतो. त्याच्या खोल्यांतली कामे चालूच राहतात. वीज खातात, स्मृती अडवतात आणि तीच नोंद दुसऱ्यांदा लिहितात. बँकेत तीच रक्कम दोनदा वळती झाली तर काय होईल, याची कल्पना करा.

अशा कामांना इंग्रजीत 'ऑर्फन' म्हणतात, म्हणजे आईबाप नसलेले. आमच्या घरच्या बोलीत 'यतीम', बाप गेलेले मूल. मला मात्र मराठीतला 'अनाथ' सर्वांत अचूक वाटतो: ज्याला नाथ नाही तो. कारण युनिक्स घराण्यातल्या संगणकांत जन्मदाती प्रक्रिया मेली, तर पोरक्या प्रक्रियेला पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया दत्तक घेते. पालक मिळतो. गेलेला असतो तो हिशेब ठेवणारा धनी.

मग करायचे काय? एक उपाय वहीचा. राखणदाराने आपल्या खोल्यांची यादी डिस्कवर लिहून ठेवायची, म्हणजे पुन्हा उठल्यावर तो चालू कामे ओळखून ताब्यात घेतो. दुसरा उपाय कुंपणाचा. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली सुरू केलेले 'सी-ग्रुप' तंत्र २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. कामाने पोटकामे, त्यांची पोटकामे काढली तरी ती एकाच कुंपणात राहतात. २०२१ पासून तर एकाच आज्ञेत सगळे कुंपण रिकामे करता येते.

मला आवडतो तो तिसरा. लिंक्डइन कंपनीत जन्मलेल्या 'साम्झा' प्रणालीत कंटेनर स्वतःच अधूनमधून विचारतो, 'माझे नाव अजून हजेरीवर आहे ना?' उत्तर 'नाही' आले, तर तो हातातले काम थांबवतो. पण तारच तुटली असेल तर? तर उत्तर येत नाही. तो ठराविक वेळा पुन्हा विचारून पाहतो आणि तरीही कोणी बोलले नाही, तर आपणहून बंद होतो.